आधीचं पाणी कुठे गेलं?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. डहाणूजवळच्या वाढवण बंदरासाठी समुद्र बुजवून जमीन करायच्या, म्हणजे भरावाच्या, कामावर तुझी निवड झाली हे वाचून फार बरं वाटलं. सांगोल्यात टँकरची वाट बघत वाढलेली मुलगी आता समुद्रात काम करणार! घरात सगळ्यांना पत्र वाचून दाखवलं. पण शेवटी तू जे विचारलंस ते माझ्या डोक्यातून जात नाही. ‘सर, भराव चांगला की वाईट ते एकदा सरळ सांगा. गावातली माणसं मला विचारणार आणि माझ्याकडे उत्तर नाही.’

चौतीस वर्षं मी समुद्रात भराव घालण्याचं काम केलं आणि त्याची मला लाज वाटत नाही. माझा जन्म वरळीच्या बीडीडी चाळीतला. १६० चौरस फुटांची खोली, आठ माणसं. ज्या डेव्हलपमेंट खात्यानं १९२०च्या दशकात त्या चाळी बांधल्या, त्याच खात्यानं दक्षिण मुंबईतल्या बॅकबे उपसागराचा भराव घातला आणि त्या भरावावर पुढे मरीन ड्राइव्ह झाला. उन्हाळ्यात खोलीत जीव गुदमरायचा तेव्हा वडील आम्हाला तिथल्या कठड्यावर नेऊन बसवायचे. माझ्या बहिणीला पहिली नोकरी लागली ती नरिमन पॉइंटला, तोही भरावच. बॅलार्ड इस्टेट उभी आहे ती अलेक्झांड्रा गोदी खोदताना निघालेल्या मातीवर. सात बेटांची मुंबई झाली तिथे लाखो घरांची चूल पेटली, त्यातली एक आमची होती. तेव्हा भराव म्हणजे पाप असं कोणी म्हणालं तर मी मान डोलावणार नाही.

वाढवणचंही तसंच आहे. किनाऱ्याजवळच वीस मीटरांच्या आसपास नैसर्गिक खोली मिळणं ही आपल्या किनाऱ्यावर दुर्मीळ गोष्ट. जगातली सगळ्यात मोठी कंटेनर जहाजं आपल्याकडे मोजक्याच बंदरांत येऊ शकतात म्हणून आपला बराच माल कोलंबो, सिंगापूरला जहाज बदलून जातो, आणि त्या फेऱ्याचे पैसे शेवटी आपल्याच शेतकऱ्याच्या, कारखानदाराच्या खिशातून जातात. हा फायदा खरा आहे. गावकऱ्यांसमोर तो झाकू नकोस आणि फुगवूही नकोस.

आता दुसरी बाजू. चांगला की वाईट, या प्रश्नाचा साइटवर काही उपयोग होत नाही. त्याऐवजी मी आयुष्यभर नकाशावर बोट ठेवून एकच विचारत आलो: इथे आधी जे पाणी होतं, ते आता कुठे जाणार? सुरुवातीची काही वर्षं मी हे विचारलं नाही, त्याचं पुढे लिहितो.

मुंबईचंच बघ. महालक्ष्मी आणि वरळीच्या मधल्या खिंडारातून भरतीचं पाणी आत शिरायचं आणि शहराच्या मध्यावर पसरायचं. गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात ते खिंडार बुजवायला घेतलं. बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता. शेवटी रामजी शिवजी प्रभू या पाठारे प्रभू कंत्राटदाराच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती काढल्या आणि मग बांध टिकला, अशी आख्यायिका महालक्ष्मीला अजून सांगतात. १७८४च्या सुमारास काम पुरं झालं. आतली दलदल सुकली, वस्ती झाली, पुढे गिरण्या आल्या, चाळी आल्या. पण जमीन सुकली म्हणजे उंच झाली असं नाही. ती होती तेवढीच सखल राहिली. मोठ्या भरतीला समुद्राची पातळी आजही त्या भागाच्या वर असते.

म्हणून दादरजवळच्या हिंदमाताला पाणी तुंबतं. पावसाळ्यात भरती साडेचार मीटरांच्या वर गेली की नाल्यांच्या तोंडाचे दरवाजे बंद करावे लागतात, नाही तर समुद्रच आत येईल. मग पावसाचं पाणी पंपांनी उचलून बाहेर टाकायचं. हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ही सगळी पंपिंग स्टेशनं त्याचसाठी. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेला भरती नेमकी दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते. त्याच वेळी पाऊस कोसळला की शहर थांबतं. सव्वादोनशेहून जास्त वर्षांपूर्वी ज्या पाण्याला बाहेर काढलं, त्याचं वीजबिल महापालिका अजून भरते आहे. आणि पाणी शिरतं ते तळमजल्यावरच्या खोलीत, टॉवरच्या विसाव्या मजल्यावर नव्हे.

मिठी नदीचंही हेच झालं. वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं ते नदीच्या मुखाजवळच्या पाणथळीवर भराव घालून. तिथली तिवरं म्हणजे पुराचं पाणी पसरायची जागा होती. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसात कोणतंही शहर बुडालं असतं हे मान्य. पण नदीला पसरायला जागा ठेवली नसल्यानं पाणी कुर्ला, कलिन्यातल्या घरांत गेलं. त्या पुराची चौकशी करणाऱ्या माधवराव चितळे समितीचा अहवाल मिळव आणि वाच. पाण्याची वाट अडली की काय होतं ते त्यात मराठी माणसानं फार शांतपणे मांडलं आहे.

आता मातीतल्या पाण्याबद्दल, कारण तुझं रोजचं काम तेच असणार. वाढवणला किनाऱ्यालगत खडकाळ पट्टा आहे, तरी जिथे गाळ लागेल तिथे हे लक्षात ठेव. साइटवर गेल्यावर पहिल्या दिवशी बोअरमधून आलेला मरीन क्लेचा, म्हणजे समुद्रतळाच्या चिकणमातीचा, गोळा तळहातावर घे आणि मूठ आवळ. लोण्यासारखा बोटांच्या फटीतून बाहेर येईल. पोटात पाणी ठासून भरलेलं असतं, पण एक थेंब सुटणार नाही. हे पाणी निघाल्याशिवाय वरची जमीन ही जमीनच नाही. म्हणून आपण पीव्हीडीच्या, म्हणजे पाण्याला वर यायला वाट देणाऱ्या, उभ्या पट्ट्या मीटर-सव्वा मीटरवर खाली ठोकतो, वर जादा भार रचतो आणि महिनोन्‌महिने थांबतो. थांबण्याचे हे महिने कमी करा म्हणून तुझ्यावर दबाव येईल. कार्यक्रमाची तारीख ठरलेली असते. भराव किती खचला ते दाखवणाऱ्या सेटलमेंट प्लेटचं रीडिंग रोज स्वतः घे, दुसऱ्यानं आणलेल्या आकड्यावर विसंबू नकोस आणि आलेख सपाट होत नाही तोवर सही करू नकोस.

जपान्यांसारखी काटेकोर माणसं नाहीत. ओसाकाजवळचं कन्साई विमानतळ त्यांनी भर समुद्रात बेट घालून बांधलं, १९९४ला सुरू केलं. ते खचणार हे त्यांना माहीत होतं, म्हणून इमारतीचे खांब जॅकने वर उचलता येतील अशी सोय आधीच केली. तरीही पहिलं बेट काम सुरू झाल्यापासून तेरा मीटरांहून जास्त खचलं आहे. २०१८च्या सप्टेंबरात वादळ आलं आणि धावपट्टीवर समुद्र होता. समुद्राची पातळी वाढते आहे आणि भराव खाली जातो आहे. डिझाइन करताना हे दोन्ही आकडे एकाच पानावर मांड.

आपल्याकडे बॅकबेला तर याहून साधी चूक झाली. ११४५ एकरांचा बेत होता. समुद्रतळाचा गाळ उपसून भिंतीच्या आत ओतायचा होता. भिंतच पाझरायला लागली आणि ओतलेला गाळ पुन्हा समुद्रात जायला लागला. खर्च वाढत गेला आणि शेवटी ४३९ एकरांवर काम थांबवलं. वकील आणि काँग्रेस नेते वीर नरिमन यांनी हा कारभार चव्हाट्यावर आणला, त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. ज्या नरिमन पॉइंटला माझी बहीण नोकरीला गेली त्याला त्यांचं नाव आहे. तुझ्या पिढीनं हा माणूस ओळखावा असं मला मनापासून वाटतं.

आता माझं सांगतो. आजवर हे मी वर्गात कधी बोललो नाही.

नोकरीच्या चौथ्या वर्षी मी एका बंदराच्या भरावावर होतो. बंदराचं नाव लिहीत नाही. भराव टाकताना उठणारा गाळ पसरू नये म्हणून पाण्यात सिल्ट कर्टन लावला होता. उधाणाच्या भरतीत तो फाटला. नवीन यायला पाच आठवडे लागले आणि त्या पाच आठवड्यांत काम थांबलं नाही. दर शनिवारच्या तक्त्यात ‘सिल्ट कर्टन: सुस्थितीत’ या ओळीसमोर मी सही करत होतो. वरिष्ठांनी सांगितलं हे खरं, पण सही माझी होती.

एके दिवशी सकाळी ओहोटीला एक म्हातारी कोळीण साइट ऑफिसच्या दाराशी आली. पलीकडच्या खडपावर ती कालवं काढायची, तिची आईही तिथेच काढायची. ओट्यात पंधरा-वीस कालवं होती. काही न बोलता ती पायरीवर बसली, कोयतीच्या टोकानं एक कालव उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. आत मांस नव्हतं. शिंपेत राखाडी गाळ गच्च बसला होता, साच्यात ओतल्यासारखा. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं, तेच. ‘साहेब, सगला गाल हाय,’ एवढंच ती म्हणाली. भांडली नाही, पैसे मागितले नाहीत. उघडलेल्या शिंपा तिथेच ठेवून गेली. माझ्या तक्त्यात त्या आठवड्यालाही सर्व काही सुस्थितीत होतं.

तेव्हापासून मी खोटी सही केली नाही. त्यापायी दोन बढत्या हुकल्या. पण त्या खडपावर पुन्हा कालवं धरली का हे मला कधीच कळलं नाही, कारण भरावाआधी तिथे किती कालवं होती याची मोजणी कोणी केलेलीच नव्हती. मोजणीच नसली की नुकसानही कागदावर येत नाही. म्हणून तुला सांगतो, पहिला डंपर यायच्या आधीचे महिने सगळ्यात महत्त्वाचे. पाणी किती गढूळ, तळाशी काय जगतं, कोणत्या महिन्यात कोणती मासळी कुठे मिळते, हे सगळं आधी लिहून ठेव. यंत्रानं मोज आणि होडीच्या तांडेलालाही विचार. डोल जाळं कुठे लावतात, घोळ मासळी कुठे लागते, हे त्याला जितकं ठाऊक असतं तितकं आपल्या नकाशात नसतं.

वरळीचं उदाहरण ताजं आहे. कोस्टल रोडसाठी १११ हेक्टर भराव झाला. २०१९च्या जुलैत उच्च न्यायालयानं परवानगी रद्द केली, डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं रस्त्याचं काम पुन्हा सुरू करू दिलं. आज वरळीहून मरीन लाइन्सला दहा-बारा मिनिटांत पोहोचता येतं, मीही जातो. पण क्लीव्हलँड बंदराच्या तोंडाशी पुलाच्या खांबांमध्ये साठ मीटर अंतर ठेवलं होतं. कोळी सांगत होते की वारं आणि ओढ असताना होडी सरळ रेषेत जात नाही, आडवी वाहते, खांबावर आपटेल. त्यांनी १६० मीटर मागितले. काम अडलं. शेवटी २०२३मध्ये एक खांब गाळून १२० मीटरांवर तडजोड झाली. डिझाइन सुरू व्हायच्या आधी एक दिवस कोणी त्यांच्या होडीतून त्या तोंडातून बाहेर जाऊन आलं असतं, तर हे टळलं असतं असं माझं ठाम मत आहे.

वाढवणला आकडा फार मोठा आहे. १४४८ हेक्टर भराव, दहा किलोमीटरांहून लांब लाटरोधक बांध, ७६,२२० कोटींचा खर्च. वाळू दमणसमोरच्या समुद्रातून काढायची, दगड पालघरच्या टेकड्यांमधून आणायचा. म्हणजे ‘आधी जे होतं ते कुठे जाणार’ हा प्रश्न तुला तीन ठिकाणी विचारावा लागेल: जिथे भर घालतो तिथे, जिथून वाळू उपसतो तिथे आणि जिथली टेकडी जाते तिथे. लांब बांध घातला की किनाऱ्याला समांतर वाहणारी वाळू अडते. पुद्दुचेरीला १९८०च्या दशकात बंदराचे बांध घातले आणि पलीकडची शहराची चौपाटी नाहीशी झाली, नुसते दगड उरले. तुझ्या बांधाच्या दोन्ही बाजूंच्या गावांची किनाऱ्याची रेषा दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर मोज, तुझ्या कामात ते धरलेलं नसलं तरी मोज.

हेही ठाऊक असू दे की वाढवण ज्यात येतं तो डहाणू तालुका १९९१मध्येच पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. तिथलं पर्यावरण जपण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती धर्माधिकारींच्या प्राधिकरणानं १९९८ला इथलं बंदर नाकारलं होतं, त्याच प्राधिकरणानं २०२३ला नव्या बंदराला मान्यता दिली. मधली पंचवीस वर्षं गावं लढत होती. मच्छीमार, चिकूवाले, सोन्याच्या दागिन्यांच्या डाय, म्हणजे साचे, घडवणारे कारागीर. ही माणसं तुझ्याशी पहिल्या दिवशी गोड बोलणार नाहीत, बोलायचं कारणही नाही. त्यांना विकासाचे धडे देऊ नकोस. चहा दिला तर घे. माहीत असेल ते सांग, माहीत नसेल तर ‘विचारून सांगते’ म्हण आणि खरंच विचारून परत जा.

नोकरी घे की नको, हेही तू अप्रत्यक्षपणे विचारलंस. घे. तू नाही घेतलीस तर तिथे दुसरं कोणी तरी तक्त्यावर सही करेल, आणि तुझा हात मला ठाऊक आहे. मात्र पहिल्या पगारातून सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाकायला सुरुवात कर. ज्याच्या गाठीला पैसे असतात त्याला ‘नाही’ म्हणणं सोपं जातं, हे मी फार उशिरा शिकलो.

जाण्याआधी एकदा मुंबईला ये. अमावास्येच्या आसपास ये, म्हणजे सकाळी सहाच्या सुमाराला ओहोटी पूर्ण लागलेली असते. वरळीच्या खडपावर तुला घेऊन जातो. जुन्या चपला घालून ये, शिंपांनी तळवे कापतात. आणि वही आण, फोन नको, खारं पाणी उडतं.

तुझा,
सर