जुनं नाणं आणि महाग नाणं

तू दाखवलेलं १८३५चं ईस्ट इंडिया कंपनीचं पाव आण्याचं नाणं अस्सल वाटतं, पण ती नाणी अमाप पाडली गेली, म्हणून किंमत बेताचीच. वयापेक्षा आज किती उरलीत आणि कोणत्या अवस्थेत, ते बघ. १९११चा पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया घे. नाण्यावरच्या राजाच्या पोशाखावरचा छोटा हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, नाणी मागे घेऊन बरीचशी वितळवली. १९१२ला हत्ती सुधारला. १९१२चा रुपया सहज मिळतो, १९११चा शोधावा लागतो.

शिवराईत, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेल्या तांब्याच्या नाण्यात, मात्र खरी मजा आहे. तांब्याचा तुकडा बऱ्याचदा ठशापेक्षा लहान, त्यामुळे कडेची अक्षरं कापली जातात. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’ पूर्ण उमटलेली शिवराई दिसली तर भिंगाखाली धर, एकेक अक्षराचं वळण बघ. महाराजांनंतरही शिवराया खूप काळ पाडल्या गेल्या. ‘थेट शिवकालीन’ म्हणून कुणी भाव चढवला तर भुलू नकोस.

आणि कृपा करून चिंच-लिंबू, पितांबरी लावू नकोस! तांब्यावरचा तो गडद थर एकदा गेला की किंमतही गेली.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जरूर जा, सुरुवातीला फक्त बघायला. पथारीवर सोन्याचा शिवकालीन होन दिसला तर नकलीच समज. खिशात छोटा वजनकाटा ठेव. ब्रिटिशकालीन चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, झिजून थोडा कमी भरेल.