ॲमोनाइटला शाळिग्राम म्हणावं का?

प्रश्न असा आहे: कच्छमधून आणलेला, बोटाच्या पेराएवढा ॲमोनाइट (एका प्राचीन सागरी प्राण्याच्या वेटोळ्या कवचाचा जीवाश्म) घरी दाखवला, तर आजी म्हणाल्या, 'अरे, हा तर शाळिग्राम!' मग मराठीत तोच शब्द का वापरू नये?

आजींची नजर पक्की आहे. नेपाळमधल्या गंडकी नदीतला काळा गोटा फुटल्यावर आत जे चक्र दिसतं, तो ॲमोनाइटच्या वेटोळ्याचा ठसाच असतो. वज्रकीट नावाचा किडा दगड कोरून ते करतो, असं परंपरा सांगते. म्हणजे आत कुणी जीव होता, हे जुन्यांनीही ताडलं होतंच की!

तरी मी शाळिग्राम म्हणणार नाही. मूळ शब्द शालग्राम, आणि ते गावाचं नाव: गंडकीकाठचं, सालवृक्षांवरून पडलेलं. पैठणची ती पैठणी, तसा शालग्रामचा तो शाळिग्राम. शिवाय हा शब्द देव्हाऱ्यातला. तुळशीपत्र वाहतात तो शाळिग्राम. भिंग लावून बघतात तो ॲमोनाइट.

गंमत म्हणजे ॲमोनाइटही देवाच्याच नावाचा. इजिप्तच्या आमोन देवाला मेंढ्याची वळलेली शिंगं दाखवत, त्यावरून रोमन लेखक प्लिनीने या दगडांना 'आमोनची शिंगं' म्हटलं. पुढे शास्त्रीय नावांतही शिंग राहिलंच: बऱ्याच नावांच्या शेवटी येणारं 'सेरास' म्हणजे ग्रीकमध्ये शिंग. इंग्लंडमधल्या व्हिटबीत मात्र लोकांना शिंग नाही, साप दिसला. संत हिल्डाने सापांचे दगड केले, अशी तिथली कथा, आणि विकणारे दगडाला सापाचं डोकंही कोरून देत! हिल्डोसेरास हे एका ॲमोनाइटचं नाव तिच्यावरूनच.

'शंख' सुचवाल, तर तोही नको. शंखाच्या आत कप्पे नसतात, याच्यात पडदे घालून केलेले कप्पे असतात. आणि लहान दिसला म्हणून 'पिल्लू'ही म्हणू नका. कित्येक जातींत एक लहान आणि एक मोठा असे दोन पूर्ण वाढलेले नमुने सापडतात. लहान तो नर असावा, असं मानतात. शेवटच्या पडद्यांच्या शिवणी (पडदा कवचाला जुळतो त्या रेषा) दाटीने आल्या असतील, तर वाढ पुरी झाली समजा.

तेव्हा सरळ ॲमोनाइट म्हणा. हा प्राणी माकूळच्या (स्क्विडच्या) नात्यातला. आजी शाकाहारी असतील, तर एवढं जरा बेताने सांगा.