जुन्या मॅसीचे बोल्ट घेण्याआधी

भावा, ट्रॅक्टरचे बोल्ट घ्यायला उद्यमनगरात जायच्या आधी एक काम कर. निघालेला बोल्ट डिझेलमध्ये धुऊन घे आणि आट्यांवर पिच गेज (दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, मोजायची दातेरी पट्टी) लावून बघ. जुन्या मॅसी फर्ग्युसनच्या पर्किन्स इंजिनात बरेच बोल्ट इंची मापाचे असतात, यूएनएफ (बारीक आटे) नाहीतर यूएनसी (जाड आटे). खरा घोळ ५/१६ इंचीचा. तो ७.९४ मिमी, म्हणजे जवळपास ८ मिमीच. पण त्याच्या यूएनसीला इंचात १८ आटे, तर ८ मिमीच्या साध्या बोल्टाचा पिच १.२५ मिमी. म्हणजे आटे जुळत नाहीत. एकाच्या भोकात दुसरा घातला तर दोन-तीन आटे हातानं जातात, मग अडकतो. तिथं पान्ह्यानं जोर लावलास की बिडाच्या ब्लॉकमधले आटे गेलेच! म्हणून नमुना खिशात ठेवूनच दुकानात जा.

बोल्टाच्या डोक्यावरच्या खुणाही बघ, त्यावरून ताकद कळते. इंची बोल्टावर तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा म्हणजे ग्रेड ८. खूण नसलेला साधा बोल्ट पत्र्याला चालेल, इंजिनाला नको. हेडचे आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट मात्र भंगारातून घेऊच नकोस, लेथवरही करून घेऊ नकोस. ते त्याच इंजिनाचे, पार्ट नंबर जुळवून, नवेच घे. उशीर झाला तरी चालेल. बसवताना ब्लॉकची भोकं हवेनं साफ कर. तळाशी तेल राहिलं तर बोल्ट आवळताना बीड तडकतं.