झेडपी शाळेच्या डान्सला जुनं सामान दिलं तर खरंच उपयोग होतो का?

हो, खूप होतो, फक्त बघून द्या. गॅदरिंग आलं की ड्रेपरी भाड्याने आणतात आणि खर्च पालकांवर पडतो, मग ज्या घरात तेवढे पैसे नसतात ती पोरगी सरळ "मला नाचायचंच नाही" म्हणते, हे फार लागतं मनाला. शाळेचीच कपड्यांची पेटी असली की हा प्रश्न बराचसा मिटतो. नऊवारी शिवलेली असेल तर उत्तमच, कारण स्टेजमागे एकेकीला नेसवत बसायला बाईंना वेळ कुठला, आणि कमरेला नाडी ठेवा म्हणजे पाचवीची पण घालेल आणि सातवीची पण. घुंगरांची दोरी कुजली असेल तर नव्या सुती दोरीत ओवून द्या, नाहीतर पहिल्याच ठेक्याला स्टेजभर घुंगरं. लेझीमच्या चकत्या गंजल्या असतील तर घासून तेलाचा हात फिरवा. पण माझ्या मते सगळ्यात जास्त गरज चार्जिंगच्या स्पीकरची, लाईट गेली तरी प्रॅक्टिस चालू राहते, मोबाईलच्या आवाजावर मागच्या रांगेला ठेका ऐकूच येत नाही हो. आधी मुख्याध्यापकांना फोन करून काय हवंय ते विचारा, आणि फाटके कपडे प्लीज नको.