वाचकांचे प्रश्न : वाइड झूमचा एकच कोपरा धूसर का?

प्रश्न : जुनी 16-35 मिमी एफ/4 लेन्स घ्यायचा विचार आहे. विकणाऱ्याने दोन दिवस वापरायला दिली आहे. कॅमेरा फुल फ्रेम, 24 मेगापिक्सेल. गंगापूर धरणाच्या काठावर ट्रायपॉड अगदी खाली लावून 16 मिमीला (सर्वांत रुंद दृश्य), एफ/4 वर (लेन्सचं छिद्र सर्वांत मोठं) फोटो काढले. फोकस पलीकडच्या डोंगरावर. उजव्या खालच्या कोपऱ्यातले दगड धूसर आले, डावीकडे नुसतं पाणी आहे, तिथे काही खटकत नाही. लेन्स सदोष आहे का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : या फोटोवरून लेन्सला दोष देऊ नका. 16 मिमीला एफ/4 वर फोकस दूरच्या डोंगरावर असेल, तर साधारण दोन मीटरच्या आतलं काहीच नीट शार्प येत नाही. ट्रायपॉड खाली असल्याने ते दगड हातभर अंतरावर असणार. डावीकडच्या पाण्यात तर धूसरपणा दिसायला बारीक तपशीलच नाही. लेन्स बरोबर असली तरी हा फोटो असाच आला असता.

खरी चाचणी गच्चीवर करा. निदान चारशे मीटरवरचा मोबाइल टॉवर निवडा. त्याच्या आडव्यातिडव्या पट्ट्यांमध्ये जरासा फरकही लगेच कळतो. वेळ सकाळची. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या पत्र्यांवरची हवा थरथरते आणि चांगली लेन्सही मऊ (कमी शार्प) वाटते. ट्रायपॉड, झूम 16 मिमीला, आयएसओ 100, दोन सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझर बंद, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). लाइव्ह व्ह्यू मोठा करून टॉवरवर मधोमध फोकस करा, मग ऑटोफोकस बंद करा आणि रिंगला हात लावू नका. आता कॅमेरा वळवून तोच टॉवर आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणा आणि एफ/4, 5.6, 8, 11 वर फोटो घ्या. हेच 24 आणि 35 मिमीला. झूम एका टोकाला उत्तम आणि दुसऱ्या टोकाला तिरका असू शकतो, म्हणून ही पायरी टाळू नका.

फोटो शंभर टक्क्यांवर बघा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील आणि एफ/8 ला सुधारत असतील, तर ती रचनेची मर्यादा, लँडस्केपसाठी चालेल. तीन कोपरे स्वच्छ आणि एकच कायम धूसर, तर आतलं एखादं भिंग सरकलंय किंवा तिरकं बसलंय. लेन्स कधी तरी पडल्यावर असं होतं. पण लेन्सला दोष देण्याआधी दुसरी लेन्स लावून कॅमेऱ्याचा माउंट (लेन्स बसते ती कडी) तिरका नाही ना, हे पाहून घ्या. आणखी एक खूण : टॉवर धूसर कोपऱ्यात ठेवून तिथेच नव्याने फोकस करा. चारही कोपरे असे शार्प होत असतील, तर फोकसचं प्रतल (ज्या अंतरावर सगळं शार्प येतं तो पृष्ठभाग) सपाट नसून वक्र आहे, लेन्स बिघडलेली नाही. एकच कोपरा असा वागत असेल, तर परत करा. एफ/11 वर झाकला जातो म्हणून सदोष लेन्स ठेवून घेणं मला पटत नाही. दुरुस्तीचा खर्च तुमच्याच गळ्यात पडतो.

परत देण्याआधी मागून टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात फिरलेल्या आणि ओलसर बॅगेत राहिलेल्या लेन्समध्ये ती हमखास शोधावी.

आणि दगडांचा तो फोटो पुन्हा काढाल तेव्हा एफ/11 ठेवा, फोकस सव्वा मीटरवर करा. अर्ध्या-पाऊण मीटरपासून डोंगरापर्यंत सगळं येईल. एफ/16 च्या पुढे जाऊ नका. छिद्र फार लहान झालं की त्यातून जाणारा प्रकाश पसरतो (डिफ्रॅक्शन) आणि सगळी फ्रेमच मऊ होते.

प्रश्न : श्रावणात उघडीप मिळाली म्हणून अंजनेरीला 16 मिमीच्या लेन्सवर पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावून फोटो काढले. आकाशाच्या मध्यावरच गडद निळा पट्टा आला. फिल्टर खराब आहे?
– एक वाचिका, सातपूर

उत्तर : फिल्टर ठीक आहे. सूर्यापासून 90 अंशांवरचं आकाश सर्वांत जास्त गडद होतं आणि 16 मिमीची लेन्स आडवी सुमारे 97 अंश बघते. त्यामुळे गडद आणि फिकट दोन्ही भाग एकाच फ्रेममध्ये येतात. आकाश मोठं असेल तर पोलरायझर काढा. ओल्या कातळावरची आणि पानांवरची चकाकी घालवायला मात्र तो लावाच, आकाश फ्रेमबाहेर ठेवून. रिंग पातळ घ्या. त्यावर दुसरा फिल्टर चढवला की 16 मिमीला कोपरे काळे पडतात.