आधी अर्थिंग, मग रंगकाम

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

सोलापूरच्या साखर पेठेतले घर तुझ्या नावावर झाल्याचे कळून फार आनंद झाला. तू पाठवलेली स्विचबोर्डांची छायाचित्रे मी भिंग लावून पाहिली. ती पाहिल्यावर, पाडव्याच्या आत रंगकाम उरकून राहायला जाण्याचा तुझा बेत थोडा पुढे ढकलावा, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. एकदा पुट्टी आणि रंग चढला की भिंत फोडायला कोणाचाच हात धजत नाही आणि वायरिंगचे काम कायमचे राहून जाते.

मागच्या खोलीतला बोर्ड मला सर्वांत जास्त खटकला. तिथे ॲल्युमिनियमची जुनी तार तांब्याच्या नव्या तारेला नुसती पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली आहे, जोडाजवळचे आवरण तपकिरी होऊन तडकले आहे आणि पेटीच्या तळाशी कापसाचे तूस साचले आहे. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो, तापून-निवून जोड सैल होतो आणि सैल जोड आणखी तापतो. अशा वेळी प्रवाह वाढलेला नसतो, त्यामुळे एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही. जोड मुकाट्याने तापत राहतो आणि त्याच्याखाली तूस असते. ‘सगळे दिवे लागतात, म्हणजे वायरिंग ठीक आहे’ हे एजंटाचे म्हणणे म्हणूनच मनावर घेऊ नकोस.

ते तूस यंत्रमागांचे आहे. आपल्या शहराच्या पूर्व भागात एकाच छपराखाली माग आणि संसार अशी घरे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. माग भंगारात गेले तरी त्यांची थ्री-फेज लाइन (तीन जिवंत तारांची, म्हणजे तीन फेजांची) भिंतीत राहते आणि पुढे कोणीतरी तिच्यातूनच गिझर किंवा पाण्याची मोटार चालवतो. मग एकाच बोर्डात दोन वेगवेगळे फेज येतात, ज्यांच्यामध्ये 400 व्होल्टांच्या आसपास दाब असतो, आणि एक मेन स्विच पाडूनही बोर्ड अर्धा जिवंत राहतो. वायरमनने पेटीत हात घालण्यापूर्वी मीटरपासून निघणारी प्रत्येक लाइन कुठे जाते हे शोधून काढलेच पाहिजे, आणि मागांची लाइन टोकाला टेप लावून न सोडता मीटरकडूनच तोडली पाहिजे. मे 2025 मध्ये अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत, कारखाना आणि राहणे एकत्र असलेल्या जागेत आग लागून आठ जीव गेले, हे आपण सोलापूरकरांनी विसरता कामा नये.

आता अर्थिंगविषयी, म्हणजे गळलेली वीज जमिनीत नेणाऱ्या जोडणीविषयी. तुझ्या सॉकेटना तिसरे भोक आहे, पण त्यामागे हिरवी तार दिसत नाही. एका ठिकाणी तर अर्थची पिन आखूड तारेने न्यूट्रललाच, म्हणजे प्रवाह परत नेणाऱ्या तारेलाच, जोडली आहे. ही युक्ती जीवघेणी आहे. पाठीमागे कुठे न्यूट्रल तुटला, तर उपकरणाच्या धातूच्या अंगात थेट फेज उतरतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत ओल्या फरशीवर पत्र्याचा कूलर चालतो आणि मुले अनवाणी पायांनी त्यात पाणी ओततात, म्हणून ही जोडतार आधी काढून टाक. न्हाणीघराच्या मागे जिथे जमीन ओलसर राहते तिथे किमान अडीच मीटरचा पाइप पुरून स्वतंत्र अर्थिंग करून घे. आपला मुरूम उन्हाळ्यात पार कोरडा पडतो आणि त्याचा रोध वाढतो, म्हणून त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे लागते.

त्याच्या जोडीला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखणारा स्विच, हवाच. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने पूर्ण परत आला नाही की तो क्षणात पुरवठा तोडतो. जुन्या घरात तो सुरुवातीला वारंवार पडेल आणि कोणीतरी तुला तो काढून टाकायला सांगेल. तू तसे करू नकोस. कुठेतरी गळती आहे किंवा एका सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्यात मिसळला आहे, हेच तो सांगत असतो.

काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घे. 500 व्होल्टच्या मेगरने (तारेच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) प्रत्येक सर्किटचे इन्सुलेशन तपासून आकडा कागदावर लिहून द्यायला सांग. एक मेगाओमच्या खाली आलेले सर्किट बदलायचेच. पैसे अपुरे पडत असतील तर स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि मोटारीची लाइन आधी तांब्याची करून घे, बैठकीतले दिवे नंतर झाले तरी चालतील. फॉल्स सीलिंगचा खर्च मात्र यंदा करू नकोस.

वीजबिलावरचा वर्गही पाहून घे. तिथे अजून यंत्रमागाची नोंद असेल, तर महावितरणकडे नाव बदलण्याच्या अर्जासोबत घरगुती वर्गासाठीही अर्ज कर, कारण मंजूर कारणाखेरीज वीज वापरणे 2003 च्या विद्युत कायद्याच्या कलम 126 खाली येते.

मेगरचे आकडे मिळाले की मला पाठव; कोणते सर्किट आधी बदलायचे ते आपण त्यावरून ठरवू. तोपर्यंत मागच्या खोलीतला बोर्ड बंद ठेव आणि घरात कूलर लावू नकोस.

तुझा,
काका