जुनी माउंटन सायकल रोजच्या वापरासाठी

प्रश्न : जिन्याखाली पंधरा वर्षं पडून असलेली गिअरची २६ इंची स्टीलची माउंटन सायकल पंचवटीतून सातपूरला रोज न्यायची आहे. जोर लावला की चेन सटकते. नुसती चेन बदलून भागेल का?

उत्तर : आधी चेन मोजा. स्टीलची पट्टी एका पिनेच्या मध्यावर धरा. चोविसाव्या कडीची पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. १/१६ इंच पुढे गेली तर चेन बदला. १/८ इंच गेली, तर फ्रीव्हीलही (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) बदलावं लागेल. ताणलेल्या चेनने त्याचे दात झिजवलेले असतात आणि नवी चेन त्यांवरून उडी मारते, तीही नेमकी चढावर.

जाड गोट्यांचे टायर डांबरी रस्त्यावर दमवतात. २६ × १.५ चे गुळगुळीत घ्या. पण टायरच्या कडेवर ५५९ हा आकडा (टायर रिमवर बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये) वाचूनच! साध्या सायकलचा २६ × १ ३/८ म्हणजे ५९०, तो या रिमवर बसत नाही.

ब्रेकचं रबर नखाने दाबून पाहा. दगडासारखं लागलं तर बदला, सोबत केबलही. सीटचा दांडा अडकला असेल तर गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या, हातोडी नको. निघाल्यावर ग्रीस लावूनच परत घाला.